नियम जिथे होतात तिथे

"ड्रोनचे नियम मी लिहिणार, आणि कुठल्याही कंपनीचा वारासुद्धा फाइलीला लागू देणार नाही!" साहेबांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं.

साहेब म्हणजे सरकारी खात्यातले कक्ष अधिकारी. समोर बसलेले त्यांचे सासरे भलतेच खूश झाले. ते निवृत्त घड्याळजी. अकरा महिने खपून त्यांनी स्वतःच्या हातांनी एक चिमुकला ड्रोन बनवला होता. रोज सकाळी गच्चीवरून तो उडवला नाही, तर त्यांना चहा गोड लागत नसे.

"जावईबापू, माझ्या पाखराकडे लक्ष असू द्या हं!"

"बाबा, तुम्ही निर्धास्त राहा!"

आता साहेबांच्या ऑफिसात कोरा कागद कोणी घेत नसे. जुना मसुदा काढायचा, तारीख बदलायची, वर पाठवायचा. पण ड्रोनचा जुना मसुदा आणायचा कुठून? साहेब दोन दिवस डोकं खाजवत बसले. तिसऱ्या दिवशी एका बड्या ड्रोन कंपनीचा माणूस आला. इतका तत्पर, की सगळं ऑफिस त्याला 'मदतनीस' म्हणायचं.

"साहेब, नुसता नमुना आणलाय. हवा तर घ्या, नाहीतर फेकून द्या!"

साहेबांनी फेकला नाही. मोठ्या बाणेदारपणे त्यातले चार स्वल्पविराम बदलले आणि सही ठोकली!

महिन्याभराने मसुदा जाहीर झाला. सासऱ्यांनी तो नाश्त्याला मोठ्याने वाचला. "ड्रोन उडवणाऱ्याकडे किमान पन्नास ड्रोन, दोन इंजिनिअर आणि चोवीस तास चालणारा नियंत्रण कक्ष असावा! जावईबापू, नियंत्रण कक्ष कुठे काढू? बाथरूममध्ये?"

"अहो, तुम्ही वाचलं नव्हतं का?" बायकोने विचारलं.

"तो... मसुदा आहे गं नुसता! बाबा, तुम्ही रीतसर हरकत नोंदवा. मी जातीने बघतो!"

सासऱ्यांनी चार पानी हरकत पाठवली. ऑफिसची पद्धत अशी, की हरकत आली की ती जाणकाराकडे पाठवायची. ड्रोनमधला जाणकार एकच, मदतनीस! त्याने सगळ्या हरकतींची उत्तरं टाइप करून आणली आणि साहेबांनी गठ्ठ्यावर सपासप सह्या केल्या.

"'आपल्या छंदामुळे आकाशात विनाकारण गर्दी होते. हरकत फेटाळली आहे,'" सासऱ्यांनी पत्र वाचलं. "आणि खाली सही जावयाची!"

त्यांनी ड्रोन जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटावर ठेवला. आठ दिवस घरात साहेबांशी कोणी धड बोललं नाही. नवव्या दिवशी सासरे इस्त्रीचा शर्ट घालून कुठेसे जाऊन आले, एवढंच.

अंतिम नियम लागू झाले त्या रविवारी गच्चीवरून ओळखीची घरघर ऐकू आली. साहेब धापा टाकत वर पळाले.

"बाबा, खाली उतरवा! माझी नोकरी जाईल!"

"कलम अकरा वाचा."

साहेबांनी फोनवर नियम उघडले. सत्तरीपुढच्या निवृत्त घड्याळजींना स्वतःच्या गच्चीवरून ड्रोन उडवायला पूर्ण मुभा!

"हे घातलं कोणी?"

"कंपनीने. त्यांच्या मोठ्या साहेबांचं आजोबांच्या वेळचं घड्याळ बंद होतं, ते चालू करून दिलं."

"पण बाबा, मी घरात असताना..."

"नियम जिथे होतात तिथे गेलो! आता पुढची ओळ वाचा."

पुढची ओळ अशी होती: 'उड्डाण संपेपर्यंत घरातील सरकारी अधिकाऱ्याने छत्री धरून शेजारी उभे राहावे.' खाली साहेबांचीच सही होती.

साहेब मुकाट्याने छत्री आणायला खाली गेले.