बोलका चिमटा

कपडे वाळत घालायचे चिमटे बनवणाऱ्या एका कारखान्यात एक गंभीर बाब निदर्शनास आली : चिमट्यांची स्प्रिंग उन्हात सैल पडत होती. बाब निदर्शनास आणली मालकीणबाईंच्या सख्ख्या नणंदेने, तीही फोनवर ओरडून. तिची ओली चादर चौथ्या मजल्यावरून सुटून खालच्या शेजाऱ्यांच्या डोक्यावर विराजमान झाली होती.

"वहिनी, घरचा माल म्हणून वापरते गं! नाहीतर दोरीला गाठ मारलेली काय वाईट?"

बाईंना हे फार लागलं. सासऱ्यांच्या हयातीत या कारखान्याच्या चिमट्यातून रुमालसुद्धा सुटला नव्हता. त्या तडक उद्योगांना संशोधनात मदत करणाऱ्या केंद्रात गेल्या. केंद्र निम्मं सरकारी, निम्मं खाजगी होतं. म्हणजे जेवणाची सुट्टी सरकारी होती आणि कॉफी खाजगी.

"स्प्रिंगसाठी कुठलं पोलाद वापरू, एवढंच सांगा," बाई म्हणाल्या.

संचालक प्रसन्न हसले. "बाई, तुम्ही एकदम उत्तरावरच आलात. आम्ही आधी प्रश्न विकसित करतो."

प्रश्न विकसित होण्यात उन्हाळा गेला. 'पकड : एक पुनर्विचार' या विषयावर परिसंवाद झाला. निष्कर्ष असा निघाला, की कपडा पडणं ही अडचण नसून, तो पडल्याचं वेळेवर न कळणं ही खरी अडचण आहे. त्यानुसार चिमट्यात एक यंत्र बसवण्यात आलं. कपडा सुटला रे सुटला, की फोनवर संदेश.

यंत्रामुळे चिमटा जड झाला आणि कपडे धडाधड पडू लागले. बाई धास्तावल्या. केंद्रात टाळ्या वाजल्या.

"एकही संदेश चुकला नाही!" संशोधिका म्हणाली.

"अहो, पण कपडे मातीत पडतायत!"

"मग पुन्हा धुता येतील की," संशोधिकेने समजूत घातली आणि खाजगी भागीदारांकडे आदराने पाहिलं. खाजगी भागीदार कपड्यांचा साबण बनवत. ते आधीपासूनच मान डोलावत होते.

मग सरकारी भागीदारांनाही जाग आली आणि चिमट्याचं राष्ट्रीय मानक ठरलं; यापुढे सरकारी चाचणीत पास झालेलाच चिमटा विकता येणार होता. बाई हट्टाला पेटल्या. त्यांनी आपल्याच डोक्याने जाड स्प्रिंगचा चिमटा बनवून चाचणीला पाठवला. भल्यामोठ्या पंख्यासमोर त्याने ओली सतरंजी धरून ठेवली, ती शेवटपर्यंत. तो नापास झाला. शेरा होता : 'संपूर्ण चाचणीत एकही संदेश पाठवला नाही. निष्क्रिय.'

बाई नापास चिमटा घेऊन घरी आल्या. यजमान हळूच म्हणाले, "कामगारांची घरं चालायला हवीत. बनव तो बोलका चिमटा."

बाईंनी बनवला. आता लोक जाब विचारायला येणार, म्हणून त्या रोज फाटकाकडे बघत. कुणी आलं नाही. उलट मागणी इतकी वाढली, की कारखान्याला जागा पुरेना.

शेवटी न राहवून त्यांनी एका ग्राहकाला फोन लावला. तो नेमका तुम्हाला लागला.

"कपडे पडत नाहीत ना हो?" बाईंनी भीत भीत विचारलं.

"पडतात ना! पण लगेच कळतं!" तुम्ही कौतुकाने सांगितलंत.

"माझ्याकडे एक साधा चिमटा आहे. कपडा सोडतच नाही. पाठवू?"



"पण मग," तुम्ही म्हणालात, "त्याने कपडा धरलाय हे मला कळणार कसं?"