आप्पांची ठेकापेटी

आप्पा चौगुले नव्या माणसाशी हात मिळवण्याआधी त्याच्या घड्याळाचा पट्टा बघत. पट्टा चामड्याचा निघाला की पुढे आलेला हात मागे जाई आणि लांबूनच नमस्कार होई. पट्टा स्टीलचा असला तर मात्र हात, चौकशी, चहा, सगळं यथासांग. नवख्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ बहुतेक घड्याळं लांबवणाऱ्यांपैकी असावा. आम्हा सांगलीकरांना सवय होती. आप्पा जैन होते, हळदीचे अडते होते आणि चामड्याला शिवायचं नाही हा त्यांचा नेम होता. पायात रबरी चपला, पैसे कापडी पिशवीत. घरातले बाकीचे इतके कडक नव्हते. थोरला मुलगा खुशाल चामडी बूट घालून हिंडायचा, फक्त घरी येताना ते शेजाऱ्याच्या पायरीवर काढून यायचा.

आणि हा माणूस ऑर्केस्ट्रा चालवायचा. ऑर्केस्ट्रा म्हटला की ढोलकी आली, तबला आला, बोंगो आले. माळकऱ्यानं मटणाची खानावळ घालावी, तसलाच प्रकार. कुणी टोकलंच तर आप्पा म्हणत, “वाजवनारा वाजवतोय, आमी ऐकतोय. ऐकायला कुटं हात लावावा लागतोय?”

मी शाळेत भूगोल शिकवायचो आणि संध्याकाळी त्यांच्या ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवायचो. पहिल्याच दिवशी आप्पांनी माझ्या अकॉर्डियनचे पट्टे काढायला लावले आणि खाटेची नवार शिवून दिली. स्टेजवर मी बाज खांद्याला लावून आल्यासारखा दिसायचो. भात्याच्या कोपऱ्यांतही चामडं असतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आप्पांचा कान मात्र विलक्षण होता. हळद घेताना ते रंगाकडे बघतच नसत. हळकुंड कानाशी धरून कटकन मोडत आणि आवाजावरून भाव सांगत. दिवसभर हळदीत वावरल्यामुळे त्यांची बोटं कायम पिवळी. आमच्या गाण्यांच्या वह्या, माइकचा दांडा, चहाचे कप, सगळीकडे आप्पांची पिवळी बोटं उमटलेली असत. कपडे धुताना बायको मला विचारायची, आज पाठीवर शाबासकी मिळाली वाटतं?

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, “जागा सोडतंय का?” कुठल्याही गोष्टीची पारख याच प्रश्नानं व्हायची. गायकानं नुसता गळा ताणून चालत नाही, वाद्यांना जागा सोडली पाहिजे. एस.टी.त बसलेल्यानं उभ्याला जागा सोडली पाहिजे. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर मुलीच्या बापाला त्यांनी विचारलं, “पोरगी बोलताना दुसऱ्याला जागा सोडती का?” ते लग्न मोडलं. बाप म्हणाला, आमच्या मुलीचं राहू दे, आधी तुम्ही मला बोलायला जागा सोडा.

ऑर्केस्ट्राचा जीव होता शंकर माने. दिवसा कुपवाडच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेसवर काम करायचा, संध्याकाळी ढोलकी. त्याची ढोलकी सुरू झाली की पुढच्या रांगेतले पुढारीसुद्धा मांडी हलवायचे. आप्पा त्याच्यापासून वीतभर अंतर ठेवून, डोळे मिटून बसत. ढोलकी इकडची तिकडे करायची झाली तर शंकरलाच हाक मारत, स्वतः वळसा घालून जात.

एके दिवशी प्रेसखाली शंकरचा उजवा हात सापडला. तीन बोटं गेली. कारखान्यानं त्याला गेटवर बसवलं. पण ढोलकीचं काय? उजव्या हाताची टाकटिक गेली, उरला नुसता डाव्या हाताचा घुमारा. शंकरनं ढोलकी कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. तरी तो तालमीला यायचा. सतरंज्या घालायचा, वायरी ओढायचा, आणि गाणं सुरू झालं की मागच्या भिंतीला टेकून उभा राहायचा. त्याचा डावा हात मांडीवर चालू असायचा. ते आम्हाला कुणालाच बघवत नसे.

बदली ढोलकीवाले आले आणि गेले. आप्पांना कुणीच पसंत पडेना. मग एका संध्याकाळी त्यांनी जाहीर केलं की परदेशात एक विजेची पेटी निघाली आहे, बटण दाबलं की ठेका वाजतो, ती आपण घ्यायची. तालमीच्या खोलीत सगळ्यांच्या माना मागच्या भिंतीकडे वळल्या. मागून शंकरच बोलला. “आना की आप्पा. माजं काय म्हननं न्हाई. सतरंज्या घालाय मी हायच.”

“बगू या,” एवढंच आप्पा म्हणाले.

आमचा गायक बबन याला गाण्यापेक्षा चहाड्या बऱ्या जमायच्या. त्यानं गावभर केलं की म्हाताऱ्याला आयतं निमित्त सापडलं, चामडंही सुटलं आणि शंकरही. मला ते खोटं वाटेना. पेटीला ना कातडं, ना घरदार, ना तुटणारी बोटं.

पेटी निवडायला आप्पा मला घेऊन निघाले. पहिली पेटी पुण्यात बघितली. ती पेटी कसली, कपाटच होतं. आप्पांनी ते एका हातानं उचलायचा प्रयत्न केला आणि दुकानदाराला विचारलं, “हे एस.टी.च्या टपावर चढवायचं कुनी?” शिवाय ते भिंतीतल्या विजेवर चालणारं. आमचे कार्यक्रम व्हायचे जत्रेत, तिथं भिंतच नसायची.

दुसरी बघितली खंडाळ्याला, एका निवृत्त सुभेदारांकडे. त्यांच्या मुलानं बोटीवरून जपानी पेटी आणली होती. सुटकेसएवढी, सेलवर चालणारी, आणि देखणी. बटणांवर रुंबा, वॉल्ट्झ, चा-चा अशी नावं. आप्पांनी लावणीचं बटण विचारलं. सुभेदार म्हणाले, ते जपान्यांना सुचलेलं दिसत नाही. मग आप्पांनी आपली पिवळी बोटं फिरवत दोन-दोन बटणं एकदम दाबून बघितली, आणि रुंबा नि आणखी कशाच्या तरी संकरातून चक्क आपल्याकडचा ठेका निघाला. सुभेदारीण बाई स्वयंपाकघरातून मान डोलावत बाहेर आल्या. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो.

आप्पांनी बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. “लय हुशार हाय. पर एकटंच बोलतंय. जागा सोडत न्हाई.”

मला राग आला. सुभेदारांना तर त्याहून जास्त आला, कारण बटणं पिवळी झाली होती. परतीच्या एस.टी.त मी सरळ विचारलं, “आप्पा, पेटी घ्यायची का नाही घ्यायची? आणि शंकरचं काय?”

“मास्तर, तुमी भूगोल शिकवा,” आप्पा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

तिसरी पेटी त्यांना पुन्हा पुण्यातच मिळाली, एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे. जुनी, पण सेलवर चालणारी, एका कोपऱ्यात ठेचलेली, पायानं दाबून चालू-बंद करायचं एक बटण तिला वायरीनं जोडलेलं. तिच्यावर पांढऱ्या खटक्यांची एक रांग होती. एकेक खटका दाबला की एकेक आवाज गप्प व्हायचा. झांज गप्प, टाळी गप्प, घुमारा गप्प. दुकानदार म्हणाला, हे खटके कुणी वापरत नाही, सगळे आवाज असताना बंद कशाला करायचे? आप्पांनी घुमाऱ्याचा खटका दाबला. पेटी नुसती टाकटिक करायला लागली, पोकळ, अर्धवट. आणि आप्पांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं उन्हात फिरून यांना काहीतरी झालं. पैसे मोजून त्यांनी पेटी मांडीवर घेतली, ती सांगलीपर्यंत उतरवली नाही.

बबनला नवा विषय मिळाला. सबंध पेटी सोडून म्हाताऱ्यानं अर्धी आणली. त्यात आप्पांनी त्याला शंकरच्या घरी पाठवून माळ्यावरची ढोलकी मागवून घेतली. “आता ढोलकीबी मोडीत काडनार बग,” बबन म्हणाला. पुढे काही दिवस अडत दुकान दुपारी बंद दिसायला लागलं. आतून पेटीची टाकटिक ऐकू यायची. हमाल बाहेर पोत्यांवर बसून बिड्या ओढायचे.

मग म्हसवडच्या जत्रेतला कार्यक्रम आला. ऊन कलताना आम्ही स्टेज लावत होतो. शंकर सतरंज्या घालत होता. आप्पांनी हाक मारली, “शंकर, ते बबन घालंल. तू हितं बस.”

स्टेजच्या मधोमध एक छोटी लाकडी घडवंची होती आणि तिच्यावर, हलू नये म्हणून पक्की बांधलेली, कापडात गुंडाळलेली ढोलकी. शेजारी पेटी. पेटीचं पायाचं बटण शंकरच्या बैठकीपुढे.

“उजव्या हाताचं ही पेटी बगंल,” आप्पा म्हणाले. “डाव्याची जागा हिनं सोडल्या. चालू तुज्या पायानं, बंद तुज्या पायानं. तू म्हनशील तवा.”

शंकर घडवंचीपुढे बसला. “आप्पा, न्हाई जमलं तर?” त्यानं विचारलं.

“जमतंय. बगितलंय मी.”

कुणावर बघितलंय, हे मला तेव्हा कळलं नाही. शंकरनं कापड सोडलं. ढोलकीच्या डाव्या बाजूच्या कातड्यावर पिवळी बोटं उमटलेली होती. एकदा-दोनदा नव्हे, एकावर एक, थरच्या थर, शिकाऊ माणसानं पुन्हा पुन्हा चुकून वाजवावं तशी. काही ठिकाणी सबंध पंजा होता.

मी आप्पांकडे बघितलं. ते माइकची वायर सोडवत होते, जी आधीच सुटलेली होती. बबननं मुकाट सतरंजी उलगडायला घेतली.

शंकरनं गळ्यातला रुमाल काढला, कातडं पुसायला पुढे केला आणि तसाच परत गळ्यात टाकला. पायानं बटण दाबलं. पेटी टाकटिक करायला लागली. त्यानं डावा तळवा त्या पिवळ्या पंज्यावर ठेवला आणि पहिला घुमारा दिला.

आप्पा नेहमीसारखे डोळे मिटून बसले. फक्त या वेळी ढोलकीपासून वीतभर लांब नव्हते. गुडघा घडवंचीला टेकलेला होता.