लेले कंपाउंडरांचा थेंब

धसईच्या दवाखान्यातले लेले कंपाउंडर साखरपुड्याला गेले, की पेढा तोंडात टाकण्याआधी त्यावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब सोडत. थेंब तपकिरी राहिला तर पेढा शुद्ध. निळा-काळा झाला तर खव्यात पीठ. एकदा मुलीकडचा पेढा निळा झाला आणि लग्न मोडता मोडता राहिलं. "रंग खोटं बोलत नाही," एवढं म्हणून लेले जेवायला बसले.

ही गोष्ट साठ सालाच्या आगेमागेची. मी तिथल्या शाळेत शिक्षक होतो. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. लेल्यांची बोटं कायम तपकिरी असत. कोयत्याचा घाव असो की बैलाचा सोललेला खांदा, ते टिंक्चरच लावत. माणूस ओरडला की म्हणत, "झोंबतंय ना? मग जिवंत आहेस." बाजाराच्या दिवशी दवाखान्याच्या ओट्यावर बसून ते विकायला आलेलं दूध तपासत. हे काम त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

एका बाजारी बारकूबाईच्या दुधात थेंब निळा झाला. ही विधवा बाई. एक म्हैस आणि चार गिऱ्हाइकं एवढ्यावर तिचं घर चाले.

"पीठ घातलंस," लेले सगळ्यांदेखत म्हणाले.

"आईशप्पत नाय वो भाऊ!"

"रंग खोटं बोलत नाही."

"बारके, दुधाच्या भाकऱ्या थापतेस काय गो?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं. संध्याकाळपर्यंत चारही गिऱ्हाइकं तुटली.

तिच्या पायाला विळा लागला होता आणि लेले रोज पट्टी बदलत होते. त्यानंतर ती दोन दिवस आलीच नाही. जखम चिघळेल म्हणून तिसऱ्या दिवशी लेलेच तिच्या पाड्यावर निघाले. मी सोबत गेलो. बारकूबाई तोंड फिरवून बसली. पाय तेवढा पुढे केला. पट्टी होईतो म्हशीची वेळ झाली. तिनं टोपातली तांदळाची पेज ताटात ओतली, टोप पाण्यानं विसळला आणि तोच घेऊन धार काढायला निघाली.

"चरवी कुठाय?" लेल्यांनी विचारलं.

"गळते. तांबटाकडं दिलीय."

लेल्यांनी टोप तिच्या हातातून घेतला आणि तळाशी राहिलेल्या पाण्यात थेंब सोडला. पाणी निळं झालं.

पुढच्या बाजारी लेले ओट्यावर उभे राहिले. "दुधात पेजेचा अंश होता. रंगानं तेवढंच सांगितलं. चोरी मी ठरवली. ही बाई चोर नाही."

हसणारे हसले. बारकूबाईनं तांबटाकडून आलेल्या चरवीतल्या दुधाचा लोटा पुढे केला. लेले बाटली उघडेनात.

"टाका की भाऊ. नायतर यांना पटायचं कसं?"

लेल्यांनी बूच काढलं. थेंब तपकिरीच राहिला. दोन गिऱ्हाइकं तिथंच परत आली.

जाता जाता तिनं विचारलं, "गावाचं दूध तपासता. तुमी कोनाचं पिता वो?"

"कोणाचंच नाही," लेले म्हणाले. "मला दूध घालायला कोणी येत नाही."

सहा वर्षं भिंतीपलीकडे राहून मला हे ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी कडी वाजली. दारात लेले उभे होते, दोन्ही हातांत कपबशा. त्यांनी आजवर कोणाला चहा विचारला नव्हता.

"घ्या मास्तर," ते म्हणाले. "दुधाचा आहे."