ऊन गेल्यावर मगर जेवत नाही

आमच्या बाहेरच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीशेजारी मगरीची आतडी टांगलेली होती. गुलाबी वेटोळ्यांचा, पाठीला कापड लावलेला जुना तक्ता. नाना, म्हणजे आईचे वडील, शिरपूरकडच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. आजी गेल्यावर ते सुरतेला आमच्याकडे आले ते एक वळकटी आणि हा तक्ता घेऊन.

कुणीही आलं की चहाआधी मगर. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी आल्या तेव्हा नानांनी छत्रीच्या टोकाने जठर दाखवलं. "मगर चावून खात नाही, पोरींनो. लचका तोडते आणि गिळते. म्हणून दगडही गिळते. पोटात जातंच बसवलंय म्हणा ना! आणि हे इकडे..." छत्री शेपटीकडे सरकली, तशी मी स्वयंपाकघरात पळाले. धुतलेल्याच कपबश्या पुन्हा विसळत बसले. शेजारची हेतल मागोमाग आली. "तारा नाना तो जबरा छे!" तुझे नाना भारीच, म्हणे. धरणीने मला गिळावं, तेही न चावता, असं झालं.

नाना फक्त दुपारी जेवायचे, एकच भाकरी. मग गॅलरीतल्या उन्हात डोळे मिटून पडायचे. रात्री बाबा पर्वत पाटिया भागातल्या दुकानातून आले की रोज म्हणायचे, "नाना, बसा ना आमच्याबरोबर."

"ऊन गेलं की मगर खात नाही, जावईबापू. गार पोटात अन्न सडतं."

"तुम्ही काय मगर आहात?" आई चिडायची. नाना तांब्याभर पाणी पिऊन आडवे व्हायचे. सदरा दिवसेंदिवस ढगळ होत होता.

एकदा दिवेलागणीला हेतलची आई कढी-खिचडी घेऊन आली. "नानाजी, थोडुं चाखो ने." आता मगर सुरू होणार, म्हणून मी मान खाली घातली. पण नानांनी ताट ओढून घेतलं. सगळं संपवलं. बोटंसुद्धा चाटली.

ती गेल्यावर आई म्हणाली, "नाना, ऊन तर केव्हाच गेलं."

नाना ताटाकडेच बघत राहिले. "हे शेजारचं होतं, सुमन. जावयाच्या घरी दोन्ही वेळा बसून खायचं... लाज वाटते गं माय."

दुसऱ्या दिवशी आईने खानदेशातली कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ केली आणि डबा मागच्या दाराने हेतलच्या आईला दिला. संध्याकाळी तोच डबा घेऊन ती पुढच्या दाराने आली.

पहिल्या घासाला नाना थांबले. कळण्याची भाकरी गुजरात्याच्या घरी होत नाही, हे मलाही ठाऊक होतं. मी तक्त्याकडे बघत राहिले.

"बेन," नाना मान वर न करता म्हणाले, "तुमच्या हाताला अगदी आमच्या सुमनच्या आईची चव आहे."