तीन मिलिमीटरचा कोंबडा

समाजाची उंची त्याच्या इमारतींवरून नव्हे, तर त्याच्या कागदी पट्ट्यांच्या रुंदीवरून ठरते. हे आजवर कोणी म्हटलेलं नाही, हा निव्वळ गलथानपणा आहे. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांना मात्र ते पटलं होतं, आणि त्यांना पटलेली गोष्ट घरात लागू करायला कोणाची परवानगी लागत नसे. (बायकोची लागते, असं बायको म्हणते. ती बाब विचाराधीन आहे.)

पार्श्वभूमी:

निरीक्षकांच्या बायकोला क्विलिंगचा नाद. रंगीत कागदाची अरुंद पट्टी सुईभोवती गुंडाळायची, जरा सैल सोडायची, चिमटून तिचा थेंब नाहीतर पाकळी करायची आणि गोंदाने चिकटवायची. असं शेदोनशे वेळा केलं की चित्र होतं, आणि मान धरते. यंदा सभागृहातल्या हस्तकला प्रदर्शनात तिला पहिल्यांदाच जागा मिळाली होती. जागा म्हणजे दाराशेजारचा भिंतीचा चौकोन. तिथे तिचा कोंबडा लागणार होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो पोचला नाही, तर चौकोन मडकी रंगवणाऱ्या बाईंना मिळणार होता. त्या बाई येता-जाता भिंतीचं माप घेऊन जात होत्या.

कोंबडा शेपटीपर्यंत आला आणि लाल पट्ट्या संपल्या. दुकानातही नव्हत्या.

"घरीच कापते," ती म्हणाली. "लाल कागद पडलाय. तासाभराचं काम."

"तासाभराचं?" निरीक्षकांनी चष्मा पुसायला घेतला. "अगं, कशाच्या आधारावर?"

(चष्मा पुसला जाऊ लागला की या घरात काहीतरी लांबणार, हे समजून चालावं.)

नियमावली (घरगुती पट्ट्या):

१. पट्टीची रुंदी तीन मिलिमीटर राहील. सर्वत्र.

२. कागद फार पातळ नसावा, गुंडाळी बसते. फार जाडही नसावा, गुंडाळी उलगडून आपल्याकडे बघत राहते.

३. कागद कोणत्या बाजूने विनातक्रार वळतो, ते आधी हाताने वळवून पाहावं व त्या बेताने कापावं. (घरातल्या माणसांबाबत ही चाचणी निष्फळ ठरली आहे.)

४. स्टीलची फूटपट्टी दाबून धरावी, कटरचं पातं नवं असावं, एका ओढीत कापावं. बोटं फूटपट्टीच्या अलीकडे.

६. बिनशिक्क्याची पट्टी वापरात आणल्यास ती जप्त होईल.

(कलम ५ मागे घेण्यात आलं. त्यात 'कापण्याचं काम पत्नीकडे देऊ नये' असं होतं. ते पत्नीने वाचलं.)

खात्यात तातडीची परिपत्रकं लाल कागदावर निघत. म्हणून ही नियमावलीही लाल कागदावर छापून स्वयंपाकघर, बैठकीची खोली आणि मोरी अशा तीन ठिकाणी लावण्यात आली. उरलेले लाल कागद निरीक्षकांनी स्वतः कापले. आणि सांगायलाच हवं, सुरेख कापले. सुतासारख्या सरळ पट्ट्या टेबलावर पडल्या होत्या. भिंग लावून तपासणी झाली. एक्केचाळीस टक्के नापास झाल्या. उरलेल्या शिक्क्यासाठी ताब्यात घेण्यात आल्या.

लेकीचा फोन आला. "बाबा, आईला काम करू द्या हो."

"तेच करू देतोय. बिनचूक करू देतोय."

"द्या ना आता त्या पट्ट्या," बायको म्हणाली.

"बिनशिक्क्याचं माप बाजारात जात नाही."

"बाजारात कुठे, कोंबड्याच्या बुडाला जातंय."

"ते बूड सार्वजनिक ठिकाणी टांगणार ना तू? मग."

येथे एक तांत्रिक अडचण उद्भवली. शिक्का (मजकूर: 'तपासले') चांगला अंगठ्याएवढा रुंद होता आणि पट्टी तीन मिलिमीटर. पट्टीवर 'तपासले'मधला फक्त 'पा' उठे. आणि 'पा' उठलेली पट्टी तपासलेली आहे, असं कोणत्याही खात्यात मानत नाहीत. विचारांती मार्ग निघाला. पास झालेल्या सर्व पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून, मागून गोंद लावून जोडण्यात आल्या. शनिवारी जेवणापूर्वी निरीक्षकांच्या हाती एक अखंड लाल कागद होता. त्यावर शिक्का असा काही उमटला की त्यांनी बायकोला हाक मारली.

ती आली. तिने पाहिलं. आल्या पावली ती स्वयंपाकघरात परत गेली. निरीक्षकांनी हे संमती म्हणून धरलं आणि समाधानाने आडवे झाले.

ते घोरायला लागल्यावर तिने स्वयंपाकघरातली नियमावली काढली. मग बैठकीतली. मोरीतली जरा ओलसर होती, तीही घेतली. भाजीची कात्री घेतली, आणि नजरेच्या अंदाजाने:

मिलिमीटर राहील. सर्व

टं फूटपट्टीच्या अलीक

ल्यास ती जप्त हो

गुंडाळ, सैल सोड, चिमट, चिकटव.

निरीक्षक उठले तेव्हा भिंती मोकळ्या होत्या आणि कोंबड्याला शेपटी होती. भिंग आलं.

"ही पावणेतीन आहे. ही चक्क साडेचार."

"हो."

"तपासलं कोणी?"

"मी. चला, चपला घाला. आणि तिथे तोंड उघडायचं नाही."

त्यांनी चौकट दोन्ही हातांत आडवी धरून सभागृहापर्यंत नेली. दारात मडकीवाल्या बाई हातात माप घेऊन उभ्या होत्या. त्या बाजूला झाल्या. कोंबडा लागला. शेपूट उसळल्यासारखी दिसत होती. रुंद-अरुंद पट्ट्यांमुळेच ती तशी दिसत होती, पण हे निरीक्षकांना म्हणता येईना, कारण अटीनुसार तोंड बंद होतं. बायको कोंबड्याशेजारी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच लोक तिच्या कामाकडे बघायला येणार होते.

पहिले तुम्ही आलात.

तुम्ही थांबलात, मान तिरकी केलीत, जवळ जाऊन डोळे बारीक केलेत. ती तुमच्या तोंडाकडे बघत होती.

"छान आहे हो," तुम्ही म्हणालात. "फक्त ही एक पट्टी जरा रुंद झालीय, नाही?"

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून निरीक्षक ताडकन उठले. त्यांनी तुमचा हात दोन्ही हातांत घेतला आणि तुम्ही कोणत्या खात्यात होता, हे अगदी आपुलकीने विचारलं.