काकूंच्या सीनची दुरुस्ती

उत्तमतात्यांच्या घरी भेंडी करायची की वांगं, हे ठरवायलासुद्धा सूचक आणि अनुमोदक लागतो. "आज वांगं करावं, असा ठराव मी मांडतो," असं म्हणून तात्या भिंतीपलीकडून मला हाक मारतात, "मॅडम, अनुमोदन?" मी "अनुमोदन" म्हटल्याशिवाय त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वांगं चिरत नाहीत. म्हणजे चिरून केव्हाच झालेलं असतं, पण तसं त्या तात्यांना कळू देत नाहीत.

तात्या आमचे शेजारी. नेकनूरजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेचे ते जन्मभर सचिव होते. आता निवृत्त झालेत, पण सभा चालूच आहे. मांजरीला पिल्लं झाली, की तो 'ऐनवेळचा विषय'. पाहुणा उठायचं नाव घेईना, तर तात्या हात जोडून सर्वांचे आभार मानतात आणि सभा संपल्याचं जाहीर करतात.

माझी शाळा बीडची, इंग्रजी माध्यमाची, म्हणून मी 'मॅडम'. गावी परतले तेव्हा मी तोंड उघडलं की माझ्या मराठीला लोक हसायचे, म्हणून मी ते मिटूनच ठेवलं. एकटे तात्या हसले नाहीत. म्हणाले, "लई बोलायची गरजच न्हाई. अनुमोदन म्हन, बास." या गावात मोठ्यानं बोललेला माझा पहिला शब्द त्यांनी दिलेला आहे. ते मी विसरत नाही.

मोठ्या दुष्काळात आमच्याकडे सिनेमावाले आले होते. आम्हाला नकोसा झालेला दुष्काळ त्यांना हवा होता. त्यांनी रिकाम्या हंड्यांच्या रांगेत काकूंना उभं केलं आणि एक वाक्य दिलं, "आज बी टँकर आला न्हाई." तात्यांनी त्याची इतकी तालीम घेतली, की खरा टँकर दारात आला तेव्हाही काकू तेच म्हणाल्या.

सिनेमा लागला. तात्यांनी सगळे सभासद दुधाच्या टेम्पोत घालून बीडला नेले. पडद्यावर काकू नव्हत्याच. सगळा सीनच कापला होता. शेवटी नायिका बापाशी भांडून एसटीत बसली आणि सिनेमा संपला. "तात्या, काकू कोन्त्या सीटखाली लपविल्या?" कोणीतरी ओरडलं. टेम्पो हसत हसत गावी आला. काकू पदर ओढून बसल्या होत्या. त्यावर त्या कधीच काही बोलल्या नाहीत, आणि तात्यांना तेच लागून राहिलं. रागावल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं.

यंदा त्याच सिनेमाची पुढची गोष्ट मालिका होऊन मोबाईलवर आली. तात्या मला माझ्या लॅपटॉपसकट बोलवायला आले.

"आधीचा सिनेमा वाईट तो वाईटच," मी म्हटलं. "आता मालिका काढून काय होणार?"

"मागल्या सभेचं इतिवृत्त फाडता येत न्हाई, मॅडम. पर पुढल्या सभेत दुरुस्ती घेता येती."

आम्ही ओसरीवर रोज एक भाग बघू लागलो. काकू आत शेंगा फोडत बसायच्या. मालिका खरंच चांगली होती. नायिका परत आली, तिनं गावात डेअरी काढली. "कोरम झालेला न्हाई, आन् अध्यक्ष निवडून मोकळी!" असं तात्या तिला बजावत होते. बाप तिच्याशी पहिल्यांदा बोलला, तेव्हा मात्र तात्यांनी चष्मा पुसला. आधीच्या सिनेमावरचा माझाही राग निम्मा गेला.

मग एका भागात बापाला दुष्काळाचे जुने दिवस आठवले. हंड्यांची रांग दिसली आणि हंड्यावर टेकलेला एक हात. हिरव्या बांगड्या. चेहरा नव्हता.

"थांबव!" तात्या माझ्यावर ओरडले आणि त्यांनी आत हाक मारली, "अगं ये! तुजा हात हाय!"

काकू हात पुसत आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग बराच वेळ तात्यांकडे.

"माजाच की," त्या म्हणाल्या. "कसा छान आलाय." आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या आमच्याजवळ बसून राहिल्या. टेम्पोतल्या त्या दिवसाचं स्वतःहून बोलल्या, हसल्यासुद्धा. "सीटखाली लपविल्या म्हनं! मेला वात्रट."

तात्या मला फाटकापर्यंत सोडायला आले. त्यांचा आवाज अगदी हळू झाला होता.

"त्यो हात तिचा न्हाई," ते म्हणाले. "उजवा हाय. ही डावखुरी, तालमीत हंड्यावर कायम डावाच टेकवायची. हाक मारली आन् मग माज्या ध्यानात आलं."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"तिला कळलं न्हाई व्हय? सोताचा हात हाय." ते फाटकाची कडी उगाच वरखाली करत राहिले. "तरी माजाच म्हनली. टेम्पोतल्या त्या दिसाची माफी मागाया मला आनखी किती दिस लागलं असतं, आन् तिनं मागूच दिली न्हाई."