शंभरातल्या त्र्याण्णव मार्लेट

मार्लेट गाडीबद्दल मला काहीही विचारा! नाही विचारलंत तरी मी सांगणारच आहे. बारा वर्षं वयाच्या शंभर मार्लेट वार्षिक तपासणीला उभ्या करा, त्यातल्या त्र्याण्णव पहिल्या फटक्यात पास होतात. त्र्याण्णव! माझ्या वेळी आमच्या वर्गात पहिल्या फटक्यात नऊ जण पास झाले होते, आणि त्यात मी नव्हतो. म्हणून असेल, पण मॉडेलवार निकालाचा तो तक्ता मी दरवर्षी भक्तिभावाने वाचतो. बायको म्हणते, एवढं बायबल वाचलं असतंस तर आत्तापर्यंत सदेह स्वर्गात गेला असतास.

या तपासणीला आमच्याकडे लहानथोर सगळे एमओटी म्हणतात. गाडीचा नंबर टाकला की तिचे जन्मापासूनचे निकाल कुणालाही संगणकावर दिसतात, त्यामुळे वेल्सच्या डोंगरातल्या आमच्या नांतहेलिग गावात गुपित असं काही उरलेलंच नाही. चॅपलात, म्हणजे आमच्या छोट्या चर्चमध्ये, ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचे मागचे टायर गुळगुळीत झालेत, हे त्यांच्या आधी आम्हाला कळतं. माझ्या मार्लेटच्या नावावर मात्र नऊ वर्षांत एकही नापास नाही. 'लक्ष ठेवावे' असा साधा शेराही नाही!

तर याच जोरावर मी यंदा चॅपलच्या पंचांसमोर छाती काढून उभा राहिलो.

उपदेशाच्या वार्षिक सभेला पाळकसाहेब एल्फेड येणार होते. वय ब्याऐंशी. उपदेश सांगता सांगता गाऊ लागणारे आमच्याकडचे शेवटचे पाळक. आधी साधं बोलणं, मग बोलण्याला लय, मग लयीला सूर, आणि एकदा सूर लागला की माणूस बोलतो आहे, गातो आहे की रडतो आहे ते कळत नाही. या अवस्थेला आम्ही 'हुइल' म्हणतो. लहानपणी मी आजोबांच्या मांडीवर बसून ते ऐकलं होतं आणि अजून त्या सुराने माझ्या अंगावर काटा येतो. एल्फेडसाहेबांना ऐकून मला अकरा वर्षं झाली होती. पुढच्या वर्षी ते असतील की नाही, आणि ते असले तर मी असेन की नाही, कुणी सांगावं?

त्यांना खालच्या गावातल्या स्टेशनवरून कुणी आणायचं, यावर पंचांची बैठक झाली. एका बाजूला मी, टेग्विन पोस्ट; आमच्याकडे आडनावाऐवजी असंच काहीतरी चिकटतं. मी चाळीस वर्षं टपाल वाटलं. दुसऱ्या बाजूला गेरल्ट बॅटरी. त्याने गेल्या वर्षी नवी कोरी विजेची गाडी घेतली आणि तेव्हापासून तो आमच्याकडे काचेतून बघतो. तो म्हणाला, माझी गाडी नवी आहे, तिला तीन वर्षं होईपर्यंत एमओटीसुद्धा लागत नाही. मी म्हणालो, म्हणजे परीक्षेलाच न बसलेली! आणि मी पंचांना त्र्याण्णवचा आकडा ऐकवला, कोणत्या वर्षी किती ते तोंडपाठ ऐकवलं. वीस मिनिटांनी पंचांनी मला मान दिला. केवळ मी थांबावं म्हणून दिला, असं गेरल्ट म्हणतो.

सभेच्या दिवशी, शनिवारी सकाळी, मी गाडी पुसत होतो. नेस्टा, म्हणजे माझी पत्नी, साठ माणसांची काकडीची सँडविचेस कापत होती. कापता कापता तिने विचारलं, "आपल्या गाडीची एमओटी कधी संपते रे?"

मी हसलो. देशातल्या समस्त मार्लेटांचा हिशेब ज्याच्या जिभेवर, त्याला हा प्रश्न! कागद काढून बघितला. काल संपली होती.

शंभर गाड्यांवर लक्ष ठेवताना घरातली एक राहून गेली, दुसरं काय!

आता कायदा असा की एमओटी संपलेली गाडी रस्त्यावर आणायची नाही. सवलत एकच. तपासणीची वेळ आधी ठरवली असेल तर त्या तपासणीपर्यंत नेता येते. उपदेश ऐकायला जाताना कायदा मोडायचा, हे माझ्या मनाला पटेना. गेरल्टला फोन करायचा, हे त्याहून पटेना. मग एकदम उजेड पडला. इद्वालचं गॅरेज खालच्या गावात, स्टेशनच्या अगदी समोर! साडेबाराची वेळ घ्यायची, गाडी न्यायची, एक वाजायला दहा कमी असताना पाळकसाहेबांना चालत स्टेशनवरून आणायचं, सव्वाला गाडी पास, दोनच्या ठोक्याला चॅपलात हजर. कायदाही राहिला आणि मानही. आणि पास होण्याची शक्यता? शंभरात त्र्याण्णव!

इद्वाल माझ्याच वर्गातला. त्या नऊ जणांतला. तीस वर्षांत त्याने चॅपलची पायरी चढली नव्हती, पण तपासणीच्या बाबतीत मोशेच्या दहा आज्ञांच्या दगडी पाट्यांइतका कडक. त्याने सख्ख्या बहिणीची गाडी तिच्या लग्नाच्या सकाळी नापास केली होती.

मी पोहोचलो तेव्हा त्याने डिकी उघडली. आत चॅपलचं चहाचं पिंप, फळांच्या ब्रेडच्या सहा लाद्या आणि भजनांची चाळीस पुस्तकं. सामान भरलेली गाडी तो तपासत नाही. मी एकेक वस्तू उतरवू लागलो. मध्येच धावत जाऊन पाळकसाहेबांना घेऊन आलो. ते काठी टेकत आले, नि गॅरेजच्या पत्र्याच्या उंच छताकडे बघून म्हणाले, "पोरा, आवाज छान घुमत असेल इथे." मी अडुसष्ट वर्षांचा आहे. ते सगळ्यांनाच पोरा म्हणतात.

इद्वालला आत बसून ब्रेक दाबायला, दिवे लावायला कुणीतरी हवं होतं. माझे हात ब्रेडच्या लाद्यांत गुंतलेले. पाळकसाहेब आपणहून स्टिअरिंगमागे जाऊन बसले. त्यांनी जन्मात गाडी चालवलेली नव्हती, त्यामुळे भलतेच खुशीत होते. डावा दिवा, उजवा दिवा, ब्रेक, वायपर, सगळं पास. आपली मार्लेट बघा कशी, अशा नजरेने मी रांगेत बसलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे पाहत होतो.

"आता हॉर्न," इद्वाल म्हणाला.

शांतता.

"हॉर्न दाबा, पाळकसाहेब."

"दाबतोच आहे, पोरा."

इद्वालने स्वतः दाबून पाहिला. नुसता कुलुपासारखा कट् असा आवाज. मग त्याने मला विचारलं, हॉर्न शेवटचा कधी वाजवलास? मी आठवू लागलो. आता खरं सांगतो, नांतहेलिगमध्ये हॉर्न वाजवत नाहीत. समोरून येणारा कुणाचा तरी मामेभाऊ असतोच. त्याला बघून स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, एवढंच. रस्त्यात मेंढ्या बसल्या तर आपण बंद गाडीत बसून राहायचं. हॉर्न वाजवणं म्हणजे भर रस्त्यात शिवी देणं! त्यामुळे माझ्या गाडीचा हॉर्न वर्षातून एकदाच वाजायचा, इथेच, इद्वालसमोर. आणि वर्षभराच्या मौनव्रतात त्याने प्राण सोडला होता.

"नापास," इद्वाल म्हणाला.

मी त्याला तक्ता सांगू लागलो. तो म्हणाला, "टेग्विन, त्र्याण्णव पास होतात. उरलेल्या सातांतली ही एक."

सव्वा वाजला होता. मी नेस्टाला फोन करून खरं ते सांगितलं आणि म्हणालो, गेरल्टला पाठव. पंचांच्या बैठकीपासून सहा आठवडे तो ते वाक्य ऐकायला थांबला होता. तो येऊन परत जाईस्तोवर सभा उशिराच सुरू होणार होती, आणि माझं नाव गावाच्या इतिहासात टेग्विन हॉर्न असं कायमचं लागणार होतं!

इद्वाल तोवर बॉनेटमध्ये डोकं घालून होता. हॉर्नच मेला आहे की त्याची तार, हे बघायला त्याने बॅटरीवरून एक सुटी तार घेतली आणि थेट हॉर्नला टेकवली.

आवाज आला. पण हॉर्नसारखा नाही. बारा वर्षांच्या गंजातून, माळ्यावर ठेवलेल्या तंबोऱ्याला कुणी धक्का लावावा तसा, खोल, एकसुरी, घूंऽऽऽ. पत्र्याखाली तो असा घुमला की पाळकसाहेबांची मान वर झाली. त्यांनी डोळे मिटले. सूर ऐकला. आणि त्याच सुरात, बसल्या जागेवरून, सुरुवात केली.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट. शंभर मेंढरं होती, एक चुकलं. आधी साधं सांगितलं. डोंगरात धुकं उतरलं आहे, मेंढपाळ हाक मारतो आहे. मग ती हाकच ते मारू लागले. मागे हॉर्न घुमतो आहे, पुढे त्यांचा आवाज त्याच्यावर चढतो, पुन्हा त्याच्यावर येऊन टेकतो, आणि माझ्या हातात ब्रेडची लादी तशीच. दोन गिऱ्हाइकांतल्या एकाने टोपी काढली. दुसऱ्याची गाडी अर्धी वर टांगलेली होती, तो तिच्याखाली उभा राहून ऐकत होता. मेंढपाळाने नव्व्याण्णव डोंगरावर सोडली नि एकासाठी निघाला, हे ते गात होते तेव्हा माझ्या मनात लख्ख आलं, की नव्व्याण्णव वर चॅपलात घड्याळाकडे बघत बसली आहेत!

पण बोलणार कोण? मला वाटलं हॉर्न अडकला आहे, आणि तो बंद होईपर्यंत पाळकसाहेब थांबायचे नाहीत. देवा मला क्षमा कर, तो अडकलेलाच राहू दे, असं मी मागितलं.

दोन वाजता गेरल्ट आला. त्याची गाडी आवाज करत नाही, त्यामुळे कुणाला कळलंच नाही. तो तरातरा आत आला, तोंड उघडलं, आणि तसाच टायरच्या चळतीवर बसला. पंचांचे फोन त्याच्या खिशात थरथरत राहिले. त्याने रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि मग, न बघता, तो माझ्याकडे सरकवला.

सव्वादोनला मेंढरू सापडलं. पाळकसाहेबांनी शेवटचा सूर सोडला आणि त्याच क्षणी हॉर्न थांबला. इद्वालने तार काढली होती. तेव्हा मला कळलं की अडकलं काहीच नव्हतं. तो जवळजवळ तासभर ती तार हाताने धरून उभा होता. तापलेल्या तारेने अंगठ्याला टपोरा फोड आला होता.

"एकदा टेकवून बघायचं असतं ना रे?" मी विचारलं.

"नीट तपासत होतो," तो म्हणाला, आणि नाक पुसायला मागच्या अंगणात गेला. तिथे एक भंगारातली मार्लेट पडली होती, सातांतलीच एखादी. तिचा हॉर्न त्याने दहा मिनिटांत माझ्या गाडीला बसवला आणि पास लिहिलं. पण आधीचं नापास काही पुसलं नाही. तेवढा कडक तो राहिलाच.

गेरल्टच्या गाडीत बसायला पाळकसाहेब तयार होईनात. म्हणाले, सूर या गाडीत आहे. आम्ही चॅपलात पोहोचलो तेव्हा तीन वाजायला आले होते, मंडळींची अकरा भजनं गाऊन झाली होती आणि ऑर्गनवाल्या बाईंची बोटं वळली होती. पाळकसाहेब व्यासपीठावर चढले. घसा पार बसलेला. त्यांनी कुजबुजत तीन वाक्यं सांगितली, आशीर्वाद दिला आणि चहा मागितला.

लोक फार हळहळले. म्हणाले, म्हातारपण वाईट, एल्फेडसाहेबांचीही आता वर्षाला तपासणी करायला हवी. मी सँडविचमध्ये तोंड खुपसलं. गेरल्टने केकमध्ये. चाळीस वर्षांत आमचं कशावरही एवढं एकमत झालं नव्हतं.

पण घरी गेल्यावर मी झोपाळू आवाजात काहीतरी गुणगुणू लागलो, आणि नेस्टाने तो सूर ओळखला. मग मला सगळं सांगावं लागलं. ती रागावली नाही. तिने शांतपणे विचारलं, "आणि मी तेव्हा काकडी कापत होते?"

सोमवारी सकाळी मी इद्वालला फोन केला. पाळकसाहेब पुढच्या वर्षीही येणार आहेत, तेव्हा सभेच्या दिवशीची साडेबाराची वेळ माझ्या नावावर टाक, म्हणालो. तो म्हणाला, त्या दिवशीच्या सगळ्या वेळा भरल्या आहेत. साडेबाराची नेस्टाने घेतली. तिच्याकडून ऐकून तिच्या आधीची ऑर्गनवाल्या बाईंनी, नंतरची पंचांनी. आणि एक गेरल्टने.

मी म्हणालो, अरे, त्याच्या गाडीला तर एमओटी लागतच नाही!

"तेच मी म्हणालो," इद्वाल म्हणाला. "तो म्हणतो, हॉर्न तेवढा बघ."

माझ्याकडे पुढच्या वर्षी काकडी आहे. साठ माणसांची.